पूलच्या फाटकावर 'बाहेरचे' कोण? (अमेरिकेतल्या एचओए, पाहुण्यांचे नियम आणि आपण)

निळाई

पुढच्या महिन्यात आमच्या एचओएची (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संस्था) वार्षिक सभा आहे. पूलबद्दल तीन ठराव यायचे आहेत. घरटी दोनच पाहुणे, लहान मुलांसकट सगळ्यांना रिस्टबँड, आणि फॉब (फाटक उघडणारी छोटी इलेक्ट्रॉनिक किल्ली) लावून आत आलेल्या माणसालाही ओळखपत्र विचारण्याचा अधिकार बोर्डाने नेमलेल्या रहिवाशांना. वरवर पाहता यात वावगं काही नाही. पूल आपल्या फीमधून चालतो, मग नियमही आपणच करायचे. आमच्या मराठी ग्रुपवरही बहुतेकांचा होकार दिसला.

मी तिन्ही ठरावांच्या विरोधात बोलणार आहे. कारणं इथे सविस्तर मांडते, कारण आपल्यातले कितीतरी जण अशाच वस्त्यांमध्ये राहतात.

ठराव आले ते रस्त्यापलीकडच्या अपार्टमेंटमधल्या मुलांमुळे. बहुतेक मुलं काळी आणि लॅटिनो. आमच्या इथल्या मुलांच्याच वर्गातली, त्याच स्कूलबसमधून येणारी. मित्र बोलावतात म्हणून पोहायला येतात. बोर्डाच्या ईमेलमध्ये 'बाहेरचे', 'गर्दी', 'सुरक्षितता', 'घरांच्या किमती' हे सगळं आहे. वंशाचा उल्लेख कुठेही नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे भारतातून आलेले आजी-आजोबा, मावशी, भाचे असा मोठा गोतावळा पूलवर होता, तेव्हा 'घरटी दोन' कुणालाच आठवलं नव्हतं.

या देशात पूलचं फाटक ही साधी गोष्ट कधीच नव्हती. सेंट लुईसच्या फेअरग्राउंड पार्कमध्ये एक प्रचंड मोठा गोल, पोहण्याचा सार्वजनिक तलाव होता, एका वेळी हजारो माणसं मावतील असा. फक्त गोऱ्यांसाठी. २१ जून १९४९ ला तो सगळ्यांना खुला झाला. त्या दिवशी काही काळी मुलं पोहायला आली, आणि संध्याकाळपर्यंत बागेबाहेर हजारोंचा जमाव जमून बॅटी-काठ्यांनी काळ्यांना शोधून शोधून मारहाण झाली. नगरपालिकेने दुसऱ्याच दिवशी पुन्हा वेगवेगळं पोहायची पद्धत आणली. पुढच्या वर्षी न्यायालयाने तलाव सगळ्यांना खुला करायला लावला, तर गोऱ्यांनी येणंच सोडलं. हंगामाला तीन लाखांच्या वर असलेली हजेरी दहा हजारांच्या आसपास आली. १९५६ मध्ये तलाव कायमचा बंद.

ती माणसं पोहायची थांबली नाहीत. ती गेली खासगी स्विम क्लबांकडे आणि आपापल्या अंगणातल्या पूलकडे. वॉशिंग्टन शहरात १९५३ मध्ये सार्वजनिक तलाव सगळ्यांसाठी खुले झाले, त्यानंतर दहा वर्षांच्या आत तिथे सव्वाशे नवे खासगी क्लब निघाले. आज आपण घर घेताना 'कम्युनिटी पूल आहे' म्हणून खूश होतो, त्या सोयीच्या मागे हा सगळा इतिहास आहे. मला वाटतं, मत देण्याआधी आपण निदान तो माहीत करून घ्यावा.

---

हिशेबी

निळाई, लेख कळकळीने लिहिलाय, पण पटला नाही.

मी आमच्या एचओएच्या बोर्डावर खजिनदार आहे. पूल म्हणजे काय खर्च असतो ते सांगतो. लाइफगार्ड, क्लोरीन, पंप, फिल्टर, काही वर्षांनी पुन्हा प्लास्टर, आणि सगळ्यात वर विमा. विमा कंपनी पहिल्याच फॉर्मवर विचारते की बाहेरच्या लोकांना प्रवेश आहे का, असेल तर किती. उद्या एखादं मूल बुडालं, तर दावा येणार तो सगळ्या घरमालकांवर. तेव्हा १९४९ चा इतिहास उपयोगी पडणार नाही.

आणि वंशाचं म्हणाल, तर नियम सगळ्यांना सारखा. दोन पाहुणे म्हणजे दोन, गोरे असोत, काळे असोत की देशी. माझ्या पैशांनी चालणाऱ्या जागेत कोण येतं हे मी विचारलं तर मी लगेच वंशवादी?

---

कोर्टाचा_कारकून

हिशेबी, 'नियम सगळ्यांना सारखा' हे वाक्य अमेरिकी न्यायालयांनी फार ऐकलंय. या पाहुण्यांच्या नियमावरचाच एक खटला सांगतो, कारण तो या धाग्याला अगदी लागू आहे.

मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगजवळ व्हीटन-हेवन नावाचा पूल होता. सरकारी नाही, रहिवाशांनी वर्गणी काढून बांधलेला, सव्वातीनशे कुटुंबांची मर्यादा. पूलपासून पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्यांना सभासदत्वात प्राधान्य. कुणी घर विकून गेलं, तर नव्या मालकाला त्याची जागा आधी मिळायची. म्हणजे घरासोबत पूल, आजच्या एचओएसारखंच. त्या टापूत एका काळ्या डॉक्टरने घर घेतलं. त्यांना सभासदत्वाचा अर्जसुद्धा दिला नाही.

१९६८ च्या जुलैमध्ये तिथल्या एका गोऱ्या सभासद जोडप्याने आपल्या एका काळ्या मैत्रिणीला पाहुणी म्हणून नेलं. नियमात बसत होतं, त्यामुळे तिला आत घेतलं. दुसऱ्याच दिवशी बोर्डाने खास सभा घेऊन नियम बदलला: यापुढे पाहुणे म्हणून फक्त सभासदांचे नातेवाईक.

बघा, नव्या नियमात वंशाचं नाव नाही. सगळ्यांना सारखाच लागू. पण १९६८ च्या मेरीलँडमध्ये गोऱ्या सभासदाचे नातेवाईक कोण असणार, हे सांगायला नको. क्लबचं म्हणणं होतं की आम्ही खासगी क्लब आहोत, नागरी हक्कांचा कायदा आम्हाला लागू नाही. खालच्या न्यायालयांनी ते मानलंही. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उलटवलं. जिथे सभासद होण्याची खरी अट फक्त टापूतलं घर आणि गोरी कातडी एवढीच आहे, तो खासगी क्लब नव्हे, असा त्याचा मथितार्थ.

दुसरा खटला १९६९ चा, अर्कान्सामधल्या लिटल रॉकजवळच्या लेक निक्सन क्लबचा. तिथे पंचवीस सेंट घेऊन 'सभासद' करून घेत. काळ्यांना मात्र 'जागा नाही'. त्या पंचवीस सेंटांच्या कार्डाला न्यायालयाने क्लबचं सभासदत्व मानायला साफ नकार दिला.

कायदेशीर भाग एवढाच. तुमच्या ठरावात कायद्याने काही गैर आहे असं मी म्हणत नाही, ते स्थानिक वकिलाला विचारा. पण नियम कधी केला आणि कुणामुळे केला, हे न्यायालयही बघतं.

---

हिशेबी

@कोर्टाचा_कारकून, माहितीबद्दल आभार, हा खटला माहीत नव्हता. पण तिथे सरळसरळ 'काळे नकोत' होतं. आमच्याकडे काळी कुटुंबं सभासद आहेत, आणि त्यांच्यातल्या दोघांनी तर पाहुण्यांच्या मर्यादेला पाठिंबा दिलाय. मग हा वंशाचा प्रश्न कसा? हा पैसे भरणारे आणि न भरणारे यांच्यातला प्रश्न आहे.

---

रानजाई

मी त्या 'रस्त्यापलीकडच्या' अपार्टमेंटमध्ये राहते. निळाईच्या गावातली नाही, दुसऱ्या राज्यातली, पण चित्र तेच. एकटी आई, एक मुलगा, दोन शिफ्टची नोकरी.

हिशेबी म्हणतात तसं आमच्याकडेही हा पैशांचाच प्रश्न आहे असं मला आधी वाटायचं. माझा मुलगा मित्राबरोबर समोरच्या कम्युनिटीच्या पूलवर जातो. मित्र कोरियन आहे. त्यांच्यासोबत तिसरा एक मुलगा असतो, काळा, आणि तो त्याच कम्युनिटीत राहतो, स्वतःच्या घरात. त्याचे वडील डेंटिस्ट आहेत. तिघं एकत्र गेले की फॉब दाखव म्हणतात त्या तिसऱ्यालाच. जो घरमालकाचा मुलगा आहे त्याला. माझ्या मुलाला, जो खराखुरा 'बाहेरचा' आहे, अजून कुणी काही विचारलेलं नाही.

माझ्या मुलानेच हे मला सांगितलं, जेवता जेवता. आता तो मुलगा फॉब खिशात ठेवत नाही, मनगटाला रबर लावून बांधतो, लांबून दिसावा म्हणून. बारा वर्षांचा आहे.

वर्ग आणि वंश वेगळे करून बघायचं म्हणता, पण फाटकावर उभा असलेला माणूस कातडीवरूनच वर्ग ठरवतो, त्याचं काय करायचं?

---

कोर्टाचा_कारकून

रानजाई, तुम्ही सांगितलंत तसंच एक प्रकरण २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलममध्ये घडलं होतं, व्हिडिओमुळे देशभर पोचलं. चार जुलैचा दिवस. एका काळ्या आईला पूलवर एका गोऱ्या रहिवाशाने ओळखपत्र मागितलं. तो पूलच्या व्यवस्थापनात होता. तिने नकार दिला तर पोलीस बोलावले. पोलिसांनी तिचं कार्ड घेऊन फाटकाला लावलं आणि फाटक उघडलं. म्हणजे ती तिथलीच. त्या माणसाची पुढे नोकरी गेली, एचओएतलं पदही गेलं. पण त्या बाईला आणि तिच्या लेकराला सगळ्यांदेखत जे सोसावं लागलं ते गेलं नाही.

निळाईच्या तिसऱ्या ठरावात नेमकं हेच कायम करून ठेवलंय. कार्ड चालत असतानाही वर ओळखपत्र.

---

तरंग

मी लहान मुलांना पोहायला शिकवते, नोकरी म्हणून नाही, शनिवार-रविवारी. त्यामुळे मला इथे फक्त एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती जीवाची आहे.

सीडीसीने (अमेरिकी सरकारची सार्वजनिक आरोग्य संस्था) १९९९ ते २०१९ या काळातल्या बुडून झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला होता. १० ते १४ वयोगटात स्विमिंग पूलमध्ये बुडून मरणाऱ्या काळ्या मुलांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या ७.६ पट आहे. समुद्रात किंवा नदीत नव्हे, पूलमध्ये.

याचा 'त्यांना पाण्याची आवड नाही' वगैरे गोष्टींशी काहीही संबंध नाही. ज्या पिढीला पाण्यात उतरू दिलं नाही, त्या पिढीला पोहता आलं नाही. ज्याला पोहता येत नाही तो आपल्या लेकराला पाण्याजवळ जाऊ देत नाही. माझ्याकडे एक आजी नातीला घेऊन येते. नात पाण्यात असेपर्यंत आजी खुर्चीवर टेकत नाही, काठावर उभी राहते, हातात टॉवेल उघडून धरलेला. एकदा म्हणाली, तिच्या लहानपणी त्यांच्या गावचा तलाव माती टाकून बुजवला होता. काळी मुलं येणार म्हटल्यावर. तिला आजही पोहता येत नाही.

हिशेबी, तुम्हाला बुडण्याची भीती आहे ना? मग ही मुलं पोहायला शिकली पाहिजेत. ती पाण्याजवळ येणारच आहेत. फाटक बंद केलंत तर रात्री कुंपणावरून येतील, लाइफगार्ड नसताना.

---

माळरान

तरंगताई, तलाव बुजवण्याचं तुम्ही लिहिलंत म्हणून थोडी भर घालतो. हे एखाददुसऱ्या गावात नाही घडलं.

मिसिसिपीची राजधानी जॅक्सन. पाच सार्वजनिक तलाव होते, चार गोऱ्यांचे, एक काळ्यांचा. न्यायालयाने १९६२ मध्ये भेदभाव बेकायदा ठरवला. शहराने बागा आणि प्राणिसंग्रहालय सगळ्यांना खुलं केलं, पण तलाव बंद करून टाकले. पाचवा भाड्याने घेतलेला होता, तो मूळ मालक वायएमसीएला (व्यायाम, पोहणं अशा सोयी चालवणारी खासगी ख्रिस्ती संस्था) परत केला, आणि तो पुढे गोऱ्यांसाठीच चालला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल शहराच्या बाजूने लागला. काळ्यांनाही बंद, गोऱ्यांनाही बंद, म्हणजे समान वागणूक!

अलाबामातल्या माँटगोमेरीने तर १९५९ च्या सुरुवातीला सगळ्या सार्वजनिक बागाच बंद केल्या. ओक पार्कचा तलाव बुजवला, प्राणिसंग्रहालयातले प्राणी विकले. बागा उघडल्या १९६५ मध्ये, तलाव नाहीच. दरम्यान शहराने वायएमसीएशी गुपचूप करार करून मनोरंजनाच्या सोयी तिकडे सोपवल्या होत्या, आणि तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. हे १९७२ मध्ये न्यायालयात उघडं पडलं.

मला यातली दुसरी बाजू जास्त बोचते. ज्या गरीब गोऱ्या कुटुंबांना क्लबची वर्गणी परवडत नव्हती, त्यांच्या पोरांचाही तलाव गेला. श्रीमंत गोरे अंगणात पोहले. गरीब गोरे आणि सगळे काळे उन्हात राहिले. वंशाचा राग आणि वर्गाचं नुकसान असं एकमेकांत विणलेलं आहे. हिशेबींनी विचारलंय 'हा वंशाचा प्रश्न कसा?', त्याचं माझ्यापुरतं उत्तर हे.

---

पाचवी_ओळ

पूलच कशाला, मैदानं घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातलं २०१४ चं प्रकरण आठवतं का? मिशन प्लेग्राउंडवर तिथली मुलं, बरीचशी लॅटिनो, वर्षानुवर्षं फुटबॉल खेळायची. पद्धत ठरलेली: सातास सात, जिंकेल तो संघ मैदानावर, हरेल तो बाहेर, पुढचा आत. कुणीही यावं. मग नगरपालिकेने मैदान नीटनेटकं केलं आणि संध्याकाळचे काही तास ॲपवरून आरक्षित करायची सोय केली, तासाला २७ डॉलर. एका संध्याकाळी टेक कंपन्यांतले काही जण छापील परवाना घेऊन आले आणि मुलांना म्हणाले, आमचं बुकिंग आहे, उठा. मुलांनी उठायला नकार दिला. व्हिडिओ फिरला, मुलं सिटी हॉलवर गेली, आणि त्या मैदानावरचं मोठ्यांचं आरक्षण बंद झालं.

परवाना खरा होता, पैसे खरे होते. पण खेळायला मिळण्याची जुनी रीत मोडून फोन आणि क्रेडिट कार्ड असलेल्यांना पुढे काढलं गेलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आणि आपण विसरतो. आमच्या गावी आपल्याच लोकांनी पार्कात टेनिस बॉलने क्रिकेट सुरू केलं, तेव्हा शेजाऱ्यांच्या तक्रारी काय होत्या? गर्दी फार, आवाज फार, गाड्या बाहेरगावच्या, परवाना आहे का. हुबेहूब हेच शब्द. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो.

---

हिशेबी

क्रिकेटचा मुद्दा लागला. खरंय ते.

तरी माझा मूळ प्रश्न बाकी आहे. शहराने सार्वजनिक तलाव चालवायचा नाही, आणि शहराची जबाबदारी दोनशे-अडीचशे घरांनी उचलायची, हे कुठवर? आमच्या इथला म्युनिसिपल पूल लाइफगार्ड मिळत नाहीत म्हणून उन्हाळ्यात अर्धवेळच उघडा असतो. लोकांना जायला दुसरी जागा असती तर आमच्या फाटकावर ही वेळ आलीच नसती. हे मी जबाबदारी ढकलायला म्हणत नाही. खजिनदार म्हणून मला खरंच कळत नाही की पैसे कुठून आणायचे.

ओळखपत्राच्या ठरावाबद्दल मात्र मत बदललं. रानजाईंनी त्या मुलाचं लिहिलंय ते वाचून दोन दिवस डोक्यात आहे. फॉब चालला म्हणजे माणूस आत, पुढे कुणी काही विचारायचं नाही. आमच्याकडे असा ठराव आला तर मी विरोधात मत देईन. पाहुण्यांची मर्यादा मात्र मला हवीच आहे.

---

रानजाई

@हिशेबी, हे लिहिल्याबद्दल आभार. मर्यादा हवी याला माझा विरोध नाही. पूलमध्ये किती माणसं सुरक्षित मावतात त्याला आकडा असतोच. पण तो आकडा पाण्याचा असू दे, 'कुणाचं कोण' याचा नको. पूल भरला की फाटक बंद, सगळ्यांना. मग आत आधी आलेला कोण आहे, याने काही फरक पडत नाही.

---

निळाई

सगळ्यांचे आभार. व्हीटन-हेवनचा दुसऱ्या दिवशी बदललेला नियम मी सभेत सांगणार आहे, आणि टेक्सासमधल्या मॅकिनीचं प्रकरणही. २०१५ चा जून. अशाच आखीव वस्तीतल्या पूलवर पार्टी, पाहुण्यांच्या संख्येवरून वाद, कुणीतरी मुलांना 'सेक्शन ८ च्या घरात (म्हणजे गरिबांना सरकारी भाडेमदतीवर मिळणाऱ्या घरात) परत जा' म्हणालं असं तिथल्या मुलांनी सांगितलं. पोलीस आले, आणि एका अधिकाऱ्याने पोहण्याच्या कपड्यांतल्या पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला जमिनीवर पालथं पाडून धरलं, इतर मुलांवर पिस्तूल काढलं. काही दिवसांतच त्याने राजीनामा दिला. पोहायला बोलावलेल्या मुलांवर ही वेळ आली, आणि सुरुवात कुठून झाली, तर पाहुणे किती यावरून. माझ्या वस्तीत एखाद्या मुलावर हे ओढवायची मला भीती वाटते. म्हणून ठराव आधीच थांबवायचाय.

रानजाईंची सूचना मी दुरुस्ती म्हणून मांडते: घरटी पाहुण्यांऐवजी पूलची एकूण क्षमता. रिस्टबँड नको. ओळखपत्र नको. तक्रार असेल तर लाइफगार्डकडे, रहिवाशांनी परस्पर कुणालाही हटकायचं नाही.

तरंग, तुमच्याकडून एक मदत हवी आहे. शनिवारी सकाळी पूल रिकामाच असतो. त्या वेळात अपार्टमेंटमधल्या मुलांसाठी पोहण्याचा वर्ग सुरू करायचा तर प्रशिक्षक कसे शोधायचे, विम्यासाठी काय कागद लागतात?

---

तरंग

करता येतं. आधी तुमच्या इथल्या वायएमसीएला आणि शाळेच्या स्विम टीमच्या प्रशिक्षकांना विचारा, प्रमाणपत्र असलेली कॉलेजची मुलं उन्हाळ्यात मिळतात. रेड क्रॉसकडेही प्रशिक्षित लोक असतात. पालकांची लेखी संमती, प्रशिक्षकांचं सीपीआर आणि लाइफगार्ड प्रमाणपत्र, आणि दर प्रशिक्षकामागे मुलं मोजकीच. नवशिके असतील तर चार-पाचाच्या वर नकोत. विम्याचं हिशेबी सांगतील.

---

हिशेबी

सांगतो. आयोजित वर्गासाठी बहुतेक वेळा मूळ पॉलिसीला वेगळी जोडणी करून घ्यावी लागते, किंवा वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या पॉलिसीत एचओएचं नाव घालून घ्यायचं. दुसरं स्वस्त पडतं. निळाई, तुमच्या एजंटला नेमकं काय विचारायचं ते मी उद्या व्यक्तिगत निरोपात लिहून पाठवतो. सभेआधी त्याचं उत्तर लेखी घ्या, म्हणजे 'विमा देणार नाही' असं कुणी सभेत तोंडी ठोकून देऊ शकणार नाही.